पलीकडचा वाफा

आमच्या घराला दारं दोन आणि फाटक एक. सासऱ्यांनी हयातीतच घराच्या बरोबर मधून भिंत घातली. थोरल्याला डावं घर, धाकट्याला उजवं. स्वयंपाकघरं वेगळी, जिने वेगळे, पाण्याचे नळसुद्धा वेगळे. पण पुढची बाग तोडायला त्यांचा हात धजावला नाही. फाटकापासून दारांपर्यंत एकच पायवाट, तिच्या डाव्या अंगाला माझ्या थोरल्या जावेचा वाफा आणि उजव्या अंगाला माझा. सासरे फार शहाणे समजले जायचे. मला विचाराल तर त्यांनी सगळं वाटून दिलं आणि भांडायची जागा तेवढी सामाईक ठेवली.

सुरुवातीची काही वर्षं मात्र आम्ही दोघी ती बाग एकत्र लावायचो. पाऊस सरून उन्हाचा चटका कमी झाला, सकाळी अंगावर काहीतरी ओढावंसं वाटायला लागलं, की जाऊबाई माझ्या दारावर थाप मारायच्या. पावसाळी फुलं तोवर लोंबून गेलेली असायची. ती उपटायची, माती वरखाली करायची, आणि मग नर्सरीतून आणलेल्या कुंड्या नुसत्याच वाफ्यावर मांडायच्या. लगेच लावायच्या नाहीत. फाटकापाशी जाऊन उभं राहायचं आणि डोळे किलकिले करून बघायचं. डोळे अर्धे मिटले की फुलं दिसत नाहीत, पानं दिसत नाहीत, नुसते रंग उरतात. मग कुठला रंग पुढे येतोय, कुठला मागे पळतोय, कुठे भोक पडलंय, ते कळतं. हे मला जाऊबाईंनी शिकवलं. गडद मागे, फिकं पुढे. पिवळा कितीही मागे लावा, तो पुढे घुसतोच. जांभळा बिचारा हाक मारल्याशिवाय येत नाही. तीन रंगांच्या वर गेलं की बागेचा बाजार होतो. या सगळ्या गोष्टी त्यांच्याच.

मग एकदा त्यांच्या माहेरच्या मावश्या आल्या होत्या. बाग बघून वाहवा करत होत्या. तेव्हा माझ्यादेखत, मी हातात पाण्याची झारी घेऊन उभी असताना, जाऊबाई म्हणाल्या, "हिला रंगातलं ओ की ठो कळत नाही. मी सांगते तिथे ती लावते, बस."

मी झारी तिथेच आपटली. "मग आता तुमचं तुम्ही लावा, माझं मी लावते," म्हटलं आणि दार लावून घेतलं. माझं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. त्यांनी एक शब्द मागे घेतला असता तरी चाललं असतं. त्यांनी घेतला नाही, मी मागितला नाही, आणि दोन दारांमधलं बोलणं जे बंद झालं ते झालंच. दोघे भाऊ आपले फाटकात उभे राहून तासन्‌तास गप्पा मारायचे. त्यांच्यात काही बिनसलं नव्हतं. मी मात्र माझ्या घरात नियमच करून टाकला, की त्या घरातलं काही या घरात बोलायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही. हे एकदा काहीतरी सांगायला लागले तर मी उठून गॅस मोठा केला आणि भांडी वाजवायला लागले. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. माणूस गरीब आहे, एकदा सांगितलेलं जन्मभर ऐकतो.

तर बोलणं बंद झालं, पण वाफे काही बंद झाले नाहीत. उलट खरी मजा तिथून सुरू झाली.

आधी जाऊबाई लावायच्या. थोरल्या ना, मान त्यांचा. त्यांचं लावून झालं की मी नर्सरीत जायची. नर्सरीवाली बाई म्हणजे माझी हेर. "काय नेलं?" एवढंच विचारायचं. ती सगळं सांगायची आणि हळूच हसायची. पहिल्या वर्षी त्यांनी जांभळे अॅस्टर लावले, पुढे पांढरे, फार नाजूक काम. मी त्याला लागून असा केशरी झेंडू ठासून भरला की त्यांचा जांभळा धुऊन विटलेल्या चादरीसारखा दिसायला लागला. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच झेंडू लावला. मी शेजारी राणी रंगाची कोंबड्याची फुलं लावली. ते दोन रंग एकमेकांच्या असे उरावर बसले की रस्त्यानं जाणारा माणूस मान फिरवून घ्यायचा. एका वर्षी त्यांनी नुसतं शोभेचं गवत लावलं, तपकिरी, तुरेवालं. वाटलं असेल, आता ही काय करणार? मी लालभडक साल्व्हियाची फौज उभी केली. त्यांचं गवत वाळून मेल्यासारखं दिसत होतं.

मी वाफ्यात बसले की त्यांच्या खिडकीचा पडदा हलायचा. ते मला बरोबर कळायचं. मग मी मुद्दाम कुंडी उचलून उजेडात धरायची, नीट दिसावी म्हणून. संध्याकाळी त्या बाहेर येऊन पायवाटेवर उभ्या राहायच्या, माझ्या वाफ्याकडे डोळे किलकिले करून बघायच्या आणि एक शब्द न बोलता आत जायच्या. त्या आत गेल्या की मला जेवण गोड लागायचं. असं दरवर्षी चालायचं, आणि खरं सांगायचं तर वर्षातल्या दुसऱ्या कुठल्याही दिवसाची मी इतकी वाट बघत नव्हते.

गेल्या हिवाळ्यात मोठे दीर गेले. सकाळी दाढी करता करता आरशापुढेच कोसळले. आम्ही दोघं गेलो. खोली माणसांनी भरलेली होती. जाऊबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर उलटे टाकून, जणू ते हात त्यांचे नव्हतेच. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला काहीतरी बोलायचं होतं. पण इतक्या वर्षांनी पहिला शब्द काय बोलायचा, आणि तोही अशा वेळी? मी मूग गिळून उभी राहिले. कुणीतरी मध्ये आलं, त्यांनी मान खाली घातली, आणि मी घरी आले. त्या रात्री मी खूप रडले. दिरांसाठी रडले की कशासाठी, ते मला सांगता येणार नाही.

यंदा पावसाळा ओसरला, सकाळची हवा बदलली, तरी पलीकडचा वाफा तसाच. पावसाळी झिनियाची काळी पडलेली डोकी वाऱ्यावर हलत होती. मी रोज सकाळी बाहेर येऊन बघायची. माती कुणी हलवलेली नव्हती. पडदा उघडाच असायचा, पण आत अंधार, माणूस काही दिसायचं नाही.

नर्सरीत गेले तर बाई म्हणाली, "तुमच्या जाऊबाई यंदा फिरकल्याच नाहीत हो. तुम्हाला काय देऊ?"

काय देऊ! मी कुंड्यांच्या रांगांमधून नुसती फिरत राहिले. झेंडू होता, कोंबडा होता, वाइनच्या रंगाच्या पानांचा कोलियस होता, सगळ्या छटांची शेवंती होती. एकही उचलावासा वाटेना. इतकी वर्षं मी त्यांचा रंग बघून माझा रंग ठरवत आले. आता तो रंगच नाही म्हटल्यावर मला झेंडू म्हणजे नुसता झेंडू दिसत होता. तो कुणाच्या नाकावर टिच्चून लावायचा? मी रिकाम्या हातानं परत आले आणि यांच्यावर उगाच डाफरले, की चपला दारात का काढल्या. चपला रोज दारातच काढतात ते.

हे त्या दिवसांत फार गप्प असायचे. संध्याकाळी तिकडे जायचे, परत येऊन पंख्याखाली बसायचे आणि सुस्कारे टाकायचे. भाऊ गेलेला माणूस, मी काय विचारणार?

मग एका दुपारी मी पायरीवर बसले असताना माझ्या मनानं घेतलं. आता बस झालं. यंदा मी आधी लावायचं. आणि असं लावायचं की त्यात भांडण नको. ते वाक्य मला तोंडानं बोलता येणार नव्हतं, पण वाफ्यात बोलायला काय हरकत होती? आमची भाषा तीच तर होती.

मी इतका विचार करून कधीच बाग लावली नव्हती. दोन्ही वाफ्यांचा मिळून एकच बेत केला. माझ्या बाजूला मी सायीच्या रंगाची शेवंती घ्यायची ठरवली, फिकी, अगदी हलकी पिवळट झाक असलेली, आणि तिच्या पायाशी राखाडी-हिरव्या पानांची बुटकी झुडपं. म्हणजे कसं, की सायीच्या रंगाशी काहीही जुळतं. त्यांनी जांभळा लावला तर जुळेल, तांबडा लावला तर जुळेल, नुसतं गवत लावलं तरी शोभेल. कशालाही आडवा न जाणारा एकच रंग मी शोधून काढला होता. त्यांनी काहीही लावावं आणि ते माझ्यामुळे उठून दिसावं. याहून जास्त काय माफी... माफी नव्हे, मी माफी मागत नव्हते. पण दार किलकिलं तरी करत होते.

कुंड्या मांडल्या. फाटकातून बघितल्या, रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितल्या, माझ्या पायरीवरून बघितल्या. पायरीवरून तर फारच सुरेख दिसत होत्या, कारण मागे जाऊबाईंच्या बाजूचं गर्द हिरवं कुंपण होतं आणि त्यावर ती साय नुसती उजळून निघाली होती. गुडघे दुखेपर्यंत बसून मी एकेक रोप लावलं. पडदा हलला नाही. कळ्या उमलल्या तरी कुणी पायवाटेवर येऊन उभं राहिलं नाही. मी स्वतःची समजूत घातली, की असू दे, नवरा गेलाय, वेळ लागणारच.

त्यानंतर मला महिना-दीड महिना धाकट्या बहिणीकडे जाऊन राहावं लागलं, तिचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. परत आले ती रिक्षातून उतरतानाच माझ्या हातातली पिशवी गळून पडली.

पलीकडचा वाफा लावलेला होता. नुसता लावलेला नाही, मांडलेला. मागे जांभळे अॅस्टर, मधे तो वाइनच्या रंगाचा कोलियस, आणि पुढे, पायवाटेला लागून, सायीच्या रंगाची शेवंती. माझीच! तीच जात, तोच रंग. मी फाटकात उभी राहून डोळे किलकिले केले. दोन वाफे राहिलेच नव्हते. साय पायवाटेवरून पलीकडे गेली होती आणि जांभळ्यात जाऊन मिसळली होती. गडद मागे, फिकं पुढे, रंग तीन, एकही जास्त नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून ही बाग इतकी देखणी मी पाहिली नव्हती.

मला रडूच कोसळलं. रिक्षावाला म्हणाला, "बाई, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "फार बरं वाटतंय, तू जा."

घरात गेले, तोंड धुतलं, साडी बदलली. हे बाहेर गेले होते, ते एक बरंच झालं, नाहीतर मी त्यांच्याही गळ्यात पडले असते. केस नीट केले. आरशात बघून पहिलं वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. मग पायवाट ओलांडून डाव्या दाराची घंटा वाजवली.

जाऊबाईंनीच दार उघडलं. किती वाळल्या होत्या! केस पातळ झाले होते, चष्मा नाकावरून घसरत होता. माझ्याकडे बघून त्या क्षणभर ओळख न पटल्यासारख्या उभ्या राहिल्या.

"ताई," मी म्हटलं, "काय सुंदर लावलंय तुम्ही." पाठ केलेलं वाक्य वेगळंच होतं, ते विसरले.

"कुठे काय?"

"वाफा. पुढचा."

"ते होय," त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. "ये की आत. उभी काय राहिलीस परक्यासारखी?"

आत गेले आणि पाय जागच्या जागी थबकले. हॉलमध्ये खोकीच खोकी होती, चिकटपट्टी लावून बंद केलेली. भिंतीवर जिथे फोटो होते तिथे नुसते फिकट चौकोन. कपाटाची दारं उघडी आणि आत काही नाही. खिडकीपाशी एक लाकडी खुर्ची तेवढी राहिली होती.

"मी नाही गं लावलं ते," जाऊबाई म्हणाल्या. "घर विकून देणारी बाई आहे ना, तिनं माणसं पाठवली होती. म्हणाली, जाहिरातीत फोटो टाकायचाय, पुढची बाग अशी उजाड दिसली तर गिऱ्हाईक यायचं नाही. शेजारच्या बाजूला जे आहे, त्याच्याशी जुळवून काहीतरी टाकू म्हणाली. मी म्हटलं, टाका काय टाकायचं ते."

"घर विकताय?"

"विकलं. सही झाली. रविवारी पोरगा न्यायला येतोय. त्यानं स्वतःच्या घरातली मागची खोली रिकामी केलीय माझ्यासाठी." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "भाऊजींनी सांगितलं नाही तुला? त्यांना तर सगळं ठाऊक आहे. खोकी त्यांनीच आणून दिली."

"आमच्या घरात तुमच्या घरातलं काही बोलायचं नाही असा नियम आहे."

"कुणाचा नियम?"

"माझा."

"छान," जाऊबाई म्हणाल्या. आणि आम्ही दोघी हसलो. त्या हसण्याला काही अर्थ नव्हता. हसून झाल्यावर खोली आणखीच रिकामी वाटायला लागली.

मी एका खोक्यावर बसले. आत काचेचं काहीतरी होतं, ते किणकिणलं. "पण इतक्या घाईनं का? मोठ्या भाऊजींना जाऊन वर्षसुद्धा झालं नाही. थोडं थांबायचं होतं."

"थांबले होते. पोरगा मे महिन्यापासून मागे लागला होता. त्याला म्हटलं, जरा हवा बदलू दे, मग सांगते." त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मला यंदा माती धरवत नव्हती गं. हात उचलतच नव्हते, दाराबाहेर पाऊल पडत नव्हतं. म्हटलं, मी नाही लावलं म्हणून काय झालं, ही लावेल. ही काही गप्प बसायची नाही. असा काही भडक, डोळे फोडणारा रंग आणून माझ्या दारात उभा करेल, की मला राग येईल आणि रागानं तरी मी उठेन. इथे बसायचे रोज. सकाळचा चहा इथेच घ्यायचे."

"मग? मी लावलं की! तुम्ही बघितलं नाही?"

"तू बसलेली दिसायचीस. पण वर काही येईना. मग कळलं, तू नुसतं काहीतरी हिरवं टाकून दिलंयस, जागा भरायला."

"हिरवं?" माझा आवाज चढला. इतक्या वर्षांनी बोलायला मिळत होतं आणि मी पहिल्याच बोलण्यात ओरडत होते. "ताई, सायीच्या रंगाची शेवंती आहे ती! वाफा भरून आहे! तुमच्यासाठी लावली मी. तुम्ही काहीही लावलं तरी जुळावं म्हणून. भांडण मिटवायला लावली होती!"

जाऊबाईंनी खुर्ची थोडी सरकवली आणि मला खूण केली. मी जाऊन तिथे बसले. त्यांची जागा होती ती, खुर्चीवरच्या गादीला खळगा पडला होता.

खिडकीतून मी बाहेर पाहिलं. आधी त्यांचा वाफा, त्यातले अॅस्टर, मग पायवाट. आणि पायवाटेच्या पलीकडे माझा वाफा, त्याच्यामागे आमच्या बाजूची कुंपणाची भिंत. उन्हाळ्यात यांनी ती पांढरी रंगवून घेतली होती. त्या पांढऱ्यावर ऊन पडलं होतं. मी डोळे ताणून बघितलं, मग किलकिले करून बघितलं. भिंतीच्या पांढऱ्यात माझी फुलं पार विरून गेली होती. खाली हिरव्या पानांची एक पट्टी आणि वर नुसती भिंत.

"इथून तर काहीच दिसत नाही," मी म्हटलं.

"नाहीच दिसत," त्या म्हणाल्या. "महिनाभर मी तेच बघत होते. मला वाटलं, आता माझ्यासाठी लावायचं तू सोडून दिलंस. मग पोराला फोन केला, म्हटलं, ये, मी सही करते."